पान थांबत नाही

जीपचा हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, तरी मनकर्णाबाई चहामळ्यासमोरच्या ओट्यावरून उठली नाही.

"चला ना बाई. रोपवे पाचले बंद होते," बायांना दौऱ्यावर घेऊन आलेले लीलाधर सर खिडकीतून म्हणाले.

"चार वाजता मीटिंग हाय म्हणलं होतं तुमी."

"झाली ना. सकाळी भेटलो नाई का त्यायले?"

सकाळची भेट अशी झाली होती. दार्जिलिंगकडच्या त्या डोंगरगावात चैत्राची पहिली पालवी फुटली होती आणि उतारावर बाया चहाची पत्ती खुडत होत्या. सरांनी तिघींच्या पाठीवरच्या टोपल्या उतरवायला लावल्या, त्यांचे पट्टे गोंदियाकडच्या सालेकशाहून आलेल्या बायांच्या कपाळावर चढवले आणि फोटो काढले. ज्यांच्या टोपल्या, त्या रिकाम्या हातांनी बाजूला उभ्या राहिल्या. त्यांतली पवित्रा नावाची बाई जाता जाता मनकर्णाबाईला म्हणाली होती, "चार बजे छुट्टी है. तब आना, बैठेंगे." एवढंच.

मनकर्णाबाई पन्नाशी ओलांडलेली. सालेकशाजवळ जंगलाला लागून तिचं गाव. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात विडीचा तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायचं. गोंदियाच्या पुढे ती कधी गेली नव्हती. बचतगट चालवणाऱ्या संस्थेने अभ्यासदौऱ्यासाठी गटातल्या सात बायांची नावं मागितली, तेव्हा सगळ्यांच्या आधी हिने हात वर केला. घरचे म्हणाले, मोह पडून राहिला आहे आणि तू फिरायला चालली? तिने लुगडी पिशवीत भरली.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिची जाऊ सुशिलाबाई तेंदूपत्ता तोडताना अस्वलाच्या तावडीत सापडून मेली. दोघी बरोबरच निघाल्या होत्या. नाल्यापलीकडे पान मोठं दिसलं म्हणून सुशिला एकटीच उतरून गेली. मनकर्णाबाई धावत पोचली तेव्हा पदरात बांधलेली पानं तशीच होती. दौऱ्याची माहिती देताना लीलाधर सर म्हणाले होते, "तिकडं मळ्यात बिबटे फिरतेत, तरी बाया काम करतेत. कशा करतेत, तेच तर पाहाले जायचं हाय." हे वाक्य धरून ती दोन रात्री गाडीत बसून आली होती.

आणि आता रोपवे.

"मी नाई येत. तुमी जा," ती म्हणाली.

"तुमची एकटीची जबाबदारी माझी नाई, सांगून ठेवतो."

"सुशिला मेली तवा कोणाची होती?"

जीपमध्ये बसलेल्या बायांनी माना खाली घातल्या. एकीनेही दार उघडलं नाही. सुशिलाच्या मौतीला यातल्या पाच जणी तिच्या घरी बसून रडल्या होत्या. जीप वळणाआड गेली, तेव्हा मनकर्णाबाईला सरांपेक्षा त्या पाच जणींचा जास्त राग आला.

चार वाजता पवित्रा आणखी दोघींना घेऊन आली. हातावर पत्तीचे हिरवे-काळे डाग होते. मनकर्णाबाईने पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ विचारलं, "तुम लोग बाघ से कैसे बचते?"

"पहले हमारी दो गईं," पवित्रा म्हणाली. "अब सुबह एक आदमी आगे जाता है. टीन बजाता है, पटाखा फोड़ता है. वो बोलेगा तब हम घुसते हैं. सब एक लाइन में. अकेली कोई नहीं."

"आदमी मालिक ने दिया?"

पवित्रा हसली. "दिया नहीं. हम काम छोड़कर बैठ गए. यही मौसम था. पहली पत्ती रुकती नहीं, दो-चार दिन में मोटी हो जाती है. चौथे दिन आदमी आ गया."

मनकर्णाबाईला वाटलं होतं, काही यंत्र असेल, सरकारची काही योजना असेल, आपल्याला न कळणारं काही असेल. एक माणूस आणि एक पत्र्याचं पिंप. हे गावात बसून सुचलं असतं तर सुशिला आज मोह वेचत असती.

गाडीत परतताना लीलाधर सरांनी अहवालावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. "चहातोड महिलांसोबत चर्चा झाली," असं वर लिहिलं होतं.

"चर्चा मी एकटीनं केली," मनकर्णाबाई म्हणाली. "तसं लिहा, मंग सही करतो."

सरांनी तसं लिहिलं नाही. कागद तिच्या पुढून उचलून पलीकडच्या बाईला दिला. संस्थेच्या पुढच्या मीटिंगचं बोलावणं तिला आलं नाही.

मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोड सुरू झाली. पहिल्या पहाटे जंगलाची वाट अडवून मनकर्णाबाई बसली. तिच्याबरोबर सहा जणी होत्या. बाकीच्या बाजूने निघून गेल्या. त्यांत दौऱ्यावरच्याही होत्या. ऊन चढल्यावर ठेकेदाराचा मुन्शी दुधराम मोटरसायकलवर आला.

"काऊन बसून राहिल्या?"

"पुढं चालाले माणूस द्या. पिंप वाजवणारा."

"असं कुठी असते का? अस्वल का रोज येते?"

"एकदाच आलं होतं."

दुधरामने मोटरसायकल बंद केली. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "पान थांबत नाई, मनकर्णाबाई. आठ दिवसांत करडं होते, विडीले चालत नाई. नुकसान तुमचंच हाय."

"माहीत हाय. म्हणूनच आज बसलो. पावसात बसून का करू?"

दुसऱ्या दिवशी वाटेवर एकोणीस जणी होत्या. तिसऱ्या दिवशी बाजूने कोणी गेलंच नाही. संध्याकाळी दुधरामने निरोप धाडला: माणूस तुम्हीच पाहा, त्याची रोजी ठेकेदार देईल.

पण माणूस मिळेना. अस्वलाच्या पुढे कोण चालणार? गावातले चार धट्टेकट्टे गडी विचारून झाले. तेव्हा सुशिलाचा नवरा चैतराम अंगणातून उठला. वर्षभरात त्याने जंगलात पाऊल टाकलं नव्हतं. सरपणही तो शेजाऱ्याकडून आणवायचा.

"मी जातो, वैनी," तो म्हणाला.

"भाऊजी, तुमी नका. पाहू दुसरा कोणी."

"दुसरा कायले?"

पहाटे चैतराम गोड्या तेलाचं रिकामं पिंप गळ्यात अडकवून पुढे निघाला. मागे एका ओळीत बत्तीस बाया. तो दांडक्याने पिंप बडवत झुडपांत शिरला, नाल्यात उतरला, पलीकडे चढला. माकडं ओरडत पांगली. त्याने चारी बाजूंना फिरून पाहिलं आणि हात वर केला. बाया पानांना भिडल्या.

"झालं भाऊजी," मनकर्णाबाई म्हणाली. "सावलीत बसा आता."

त्याने ऐकलं नाही. तो तिथेच उभा राहून पिंप बडवत होता. पत्र्याला खोलगा पडला, दांडकं टोकाशी फाटलं, तरी त्याचा हात थांबेना. मनकर्णाबाईने पदर खोचला आणि पहिलं पान तोडलं. त्या आवाजात कोणाला कोणाशी बोलता येत नव्हतं.