मावशी जाळीवर चढल्या तेव्हा

मित्रांनो, माझ्याकडे कोणी पाहत नाही. सगळे माझ्यातून पाहतात. मी पेशींच्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक. बशीतल्या जिवंत पेशी मला तळाकडून दिसतात. एके काळी माझ्यापुढे रांग लागे. मग रंग मोजून आकडे सांगणारे नवे यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर कोणाचा तरी ॲप्रन लटकू लागला.

आमच्याकडच्या पेशी एका अनोळखी बाईंच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या चरबीतून वेगळ्या केलेल्या. त्यांच्यातून हाडही घडू शकते. सगळे त्यांना लाडाने ‘मावशी’ म्हणत. एका संशोधक मुलीने त्यांना राहायला स्पंजासारखी जाळी तयार केली होती. पुढे मोडक्या हाडाच्या जागी बसवता येईल अशी. ती पेशींना विषारी ठरली, तर तिचे सारे काम बाद होणार होते.

जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करतात. तो जांभळा रंग द्रवात उतरवून यंत्रात मोजायचा, हीच चाचणी. यंत्राने अगदी लहान आकडा दाखवला.

“गेल्या गं मावशी,” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. “सोडून दे ही जाळी. जिवाला लावून घेऊ नकोस.”

“अहो बाई, पण कालपर्यंत ठणठणीत होत्या!”

“मग आकडा काय खोटं बोलतोय?”

रंग न घातलेली एक बशी उरली होती. “टाकायच्या आधी निरोप तरी घेते,” असे पुटपुटत तिने माझ्यावरचा ॲप्रन काढला, दिवा लावला. मित्रांनो, ते सांगताना आजही माझे स्क्रू थरथरतात! लांबट, निमुळत्या पेशी एकमेकींना बिलगून जाळीच्या काठावर चढत होत्या.

“बाई, धावत या! मावशी मेल्या नाहीत, नव्या घरात शिरल्यात!”

मग तिने चाचणीतली जाळी चिमट्याने द्रवात कुस्करली. जांभळा रंग भळाभळा बाहेर आला! सारा रंग स्पंजातच अडकला होता आणि यंत्राला मिळाले होते फक्त भोवतीचे फिकट पाणी.

“घरात न डोकावताच रडारड केली की आपण!” बाई हसत सुटल्या.

तेव्हापासून जाळी कुस्करल्याशिवाय आमच्याकडे आकडा घेत नाहीत. माझ्यावर ॲप्रनही कोणी टाकत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या काचांवर धूळ साचू देऊ नका. आणि कोणी संपले असे म्हणण्याआधी एकदा वाकून पाहा.

त्या दिवशी तिने माझे भिंग मऊ कागदाने दोनदा पुसले. पहिल्यांदा धुळीमुळे. दुसऱ्यांदा मात्र धूळ नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.