काशिनाथरावांचा उजवा डोळा

मंगळवारी सकाळी दाढीला बसलेल्या काशिनाथरावांना आरशात आपला उजवा डोळा अर्धाच उघडलेला दिसला. वरच्या पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी लाल गाठ आली होती. बोट लावलं तर ठणका थेट कपाळात गेला. रांजणवाडी, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी दाढीचा ब्रश खाली ठेवला, आणि मग त्यांना सोमवार आठवला.

काशिनाथराव हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटचे फोरमन होते. पोलादाचे भाग भट्टीत तापवायचे, ठरलेला वेळ त्याच आचेवर मुरवायचे आणि मग तेलात विझवायचे, हे त्यांचं काम. भट्टीच्या झरोक्याशी उभे राहून, डावा डोळा मिटून, आतल्या नुसत्या रंगावरून ते तापमान सांगत आणि ते दहा-पंधरा अंशांच्या आतच असे. उस्तादच्या डोळ्यात तापमानाचा काटा बसवलाय, असं शॉपमधली, त्यांच्या खात्यातली, पोरं म्हणत.

आता परदेशातून एक मीटर आला होता. तिपाईवर उभा राहून तो लांबूनच भट्टीचं तापमान आकड्यांत दाखवायचा. अनंत नावाच्या नव्या इंजिनिअरने सरळ हिशेब मांडला होता. येत्या सोमवारी दोघांनीही एकच भट्टी पाहायची. जुळलं, तर निवृत्तीपर्यंतचे आठ महिने काशिनाथरावांनी भट्टीवर राहून पोरांना रंग ओळखायला शिकवायचं. नाही जुळलं, तर मीटर एकटाच पाहील आणि ते टूल-स्टोअरमध्ये बसतील. टूल-स्टोअरच्या खुर्चीला उशी होती, डोक्यावर पंखाही होता. काशिनाथरावांना त्या खुर्चीकडे पाहवत नसे.

त्या दिवशी घरी इलाज सुरू झाले. रत्नप्रभाबाईंनी बोटातली सोन्याची अंगठी काढली, तळहातावर घासून गरम केली आणि नवऱ्याच्या पापणीला टेकवली. असं सात वेळा. "गुण येतो याने," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी सगळ्यांना आलाय."

मुलगी प्रमिला बाजूला उभी राहून बघत होती. तिची बी.एस्सी. नुकतीच झाली होती आणि जंतू हा तिचा विषय होता. तिने आईची चेष्टा केली नाही. अंगठी कामाची का वाटते, एवढंच सांगितलं. पापणीच्या केसांशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं आणि आत जंतू वाढले की अशी गाठ येते. ऊब मिळाली की तुंबलेलं पातळ होतं आणि आपोआप वाट काढतं. अंगठीत औषध असलं तर ते ऊब हेच, फक्त ती श्वास घेईपर्यंत संपते. त्यापेक्षा गरम पाण्यात भिजवून पिळलेली स्वच्छ घडी डोळा मिटून ठेवायची, दिवसातून चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं. दाबायचं नाही, फोडायचं नाही.

मग तिने खुंटीवरचा त्यांचा पंचा चिमटीत धरून उचलला. त्याच पंच्याने ते शॉपमध्ये घाम पुसत, तेलाचे हात पुसत आणि डोळेही पुसत. तो तिने दोन बोटांत धरूनच धुण्याच्या बादलीत टाकला.

बुधवारी काशिनाथरावांनी शेक घेतला, पण त्यांच्या पद्धतीने. घडी ठेवली, दोन मिनिटांत काढली, आरशात पाहिलं, पुन्हा ठेवली, पुन्हा पाहिलं. गाठ होती तशीच होती. शिफ्टमध्ये शेजारचे शांताराम भेटले. त्यांनी मागच्या वर्षीची मलमाची नळी खिशातून काढून दिली, आणि लावून मोकळा हो म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी काशिनाथरावांनी न्हाणीघराची कडी लावून ते मलम भरपूर फासलं. बाहेर आले तर अंगणातल्या दिव्याभोवती मोठं धुरकट वलय. दिवा तोच, पण मंद आणि पिवळट. डोळा गेला, असं त्यांना खरंच वाटलं, आणि ते निमूट मुलीपुढे जाऊन उभे राहिले.

तिने ओल्या कापसाने पापणीची कड हलकेच पुसून काढली. वलय गेलं. दुसऱ्याची, वर्षभर उघडी पडलेली नळी तिने केरात टाकली. सूज गालावर उतरली, ताप आला किंवा मलम नसतानाही कमी दिसलं तर थेट टाउनशिपच्या दवाखान्यात जायचं, त्या बाबतीत कुणाचंच ऐकायचं नाही, असंही बजावलं. मग घडी पिळून त्यांच्या हातात दिली आणि समोर वेताचा मोढा ओढून बसली. दोन मिनिटांनी त्यांचा हात खाली आला.

"बाबा, माल मुरायच्या आत भट्टीचं दार कोणी उघडलं तर तुम्ही काय करता?"

"कान धरून बाहेर काढतो."

"मग ठेवा ती घडी वर."

काशिनाथरावांनी घडी वर ठेवली. थोड्या वेळाने, डोळा मिटलेलाच असताना, त्यांनी विचारलं की हे फडकं किती वेळात गार होतं, ते कोणी मोजलंय का. कोणीच मोजलं नव्हतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. दीड मिनिट. म्हणजे दहा मिनिटांचा शेक म्हणून ते आजवर दीड मिनिटाचाच घेत होते, उरलेला वेळ नुसतं ओलं फडकं. पोरांनी असा माल काढला असता तर त्यांनी शॉप डोक्यावर घेतला असता.

शुक्रवारपासून त्यांच्या क्वार्टरमध्ये रीतसर शिफ्ट चालू झाली. थर्मासमध्ये गरम पाणी, दोन घड्या आळीपाळीने, मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकीच ऊब, आधी साबणाने हात. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तक्ता आखला आणि दर वेळेपुढे सही केली. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, लग्नाला तीस वर्षं झाली, हा माणूस एका जागी दहा मिनिटं बसलेला मी पहिल्यांदा बघतेय.

शनिवारी गाठीवर पिवळा ठिपका दिसला. हात शिवशिवला. आरशापुढे ते बराच वेळ उभे राहिले, मग दोन्ही हात पाठीमागे धरून थर्मासकडे वळले. रविवारी दुपारच्या शेकात गाठ आपोआप फुटली, आणि संध्याकाळपर्यंत पापणी पूर्ण उघडली. कड जराशी लाल होती, एवढंच.

सोमवारी सगळा शॉप भट्टीभोवती गोळा झाला. मीटर शनिवारपासून तिपाईवर मांडून ठेवला होता, तेलाच्या टाकीशेजारी. काशिनाथराव झरोक्याशी गेले, डावा डोळा मिटला, पाहिलं.

"आठशे चाळीस."

अनंतने मीटरवरचा आकडा वाचला. सातशे ब्याण्णव.

शांताराम स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले. अनंतने दोन्ही आकडे वहीत लिहिले, आणि मग पेन तसंच धरून ठेवलं. काशिनाथरावांनी पुन्हा पाहिलं. रंग तोच होता. मग त्यांना स्वतःचीच शंका आली, डोळा चोळायला हात वर गेला, आणि प्रमिलाची आठवण होऊन वाटेतच थांबला. हात तसाच हवेत असताना त्यांना गुरुवारचा अंगणातला दिवा आठवला. तोच दिवा, पण मंद.

ते मीटरच्या समोर जाऊन वाकले. शेजारच्या टाकीतून दोन दिवस तेलाची वाफ उठत होती. मीटरच्या पुढच्या काचेवर पातळ, चिकट पापुद्रा धरला होता.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही याचा डोळा पुसलात का?"

अनंतने खाली बसून काच पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. काशिनाथरावांनी खिशातून धुतलेलं मलमलीचं फडकं काढलं, प्रमिलाने सकाळीच दिलेलं, आणि काच न चोळता कडेकडेने हलकेच टिपून घेतली. दोनदा. मीटरवरचा आकडा वर चढला. आठशे चौतीस.

सहा अंशांचं काय करायचं, असं अनंतने हसत विचारलं. मीटरचं बरोबर असेल, असं काशिनाथरावांनी मोकळेपणाने सांगितलं. पण काच मळली की मीटर कमीच दाखवणार, आणि ते ओळखायला भट्टीशी कोणीतरी लागेल. अनंतने वहीत खाली एक ओळ लिहिली आणि वही त्यांच्यापुढे सहीला धरली. उद्यापासून तीन पोरं शिकायला येणार होती.

दुपारी त्यांनी मीटरच्या तिपाईला मलमलीचं एक फडकं बांधलं आणि वर चिठ्ठी लावली, हिंदीत आणि मराठीत. हे फडकं फक्त काचेसाठी, त्याने दुसरं काहीही पुसू नये. उद्यापासून शिकायला येणाऱ्या पोरांपैकी एकाने ती वाचली आणि त्यांच्या पापणीकडे पाहून गंभीरपणे विचारलं, "उस्ताद, इसको सेकना भी है क्या?"

"ज़रूरत पड़ी तो," काशिनाथराव म्हणाले. "पूरे दस मिनट."