शिशाच्या एप्रनला जमलं नाही ते

मित्रांनो, एक्स-रेच्या खोलीत दाराआड टांगलेला तो जाडजूड, जुना एप्रन म्हणजे मी. वय झालंय, पण तोरा कायम आहे. माझ्या पोटात शिसं आहे आणि वजन सहा किलो! एक्स-रेचे किरण दिसत नाहीत, पण ते विनाकारण अंगावर घेऊ नयेत. ते अडवणं हेच माझं काम.

मी या रुग्णालयात आलो तेव्हा आमच्या शहरातल्या क्रांती चौकात उड्डाणपूल नव्हता. शहर वाढलं, तशी आमच्या दारातली रांगही वाढली. ती सांभाळायचे तंत्रज्ञ फारूखभाई. रोग्याचं नाव दोनदा विचारायचे, दुखणारा हात डावा की उजवा ते स्वतः बघायचे, मगच बटण दाबायचे. लेकराला धरून उभ्या राहणाऱ्या आईला ते मला घालायचे. कुणी माझी घडी केली की मात्र त्यांचा पारा चढे. "चादर है क्या? घडी नक्को डालो, अंदर से तडकता वो!"

एका दुष्काळी उन्हाळ्यात वैजापूरकडून आवडाबाई आपल्या सुनेला, ज्ञानेश्वरीला, घेऊन आल्या. टँकरच्या गर्दीत ती हंड्यासकट पडली होती. डॉक्टरांनी कमरेचा फोटो लिहून दिला होता.

"ताई, दिवस बिवस गेलेत का?" फारूखभाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"तिला काय विचारता? मला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "तसलं काय नाय."

सून खाली बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता मला बोलावतील. पण कमरेचाच फोटो असला की पोटावर मला टाकता येत नाही, हाडंच झाकली जातात. तिथं मी बिनकामाचा.

फारूखभाईंनी कागद आवडाबाईंच्या हाती दिला. "शिक्का मारून आणता का?" त्या गेल्यावर, सुनेला संकोच वाटू नये म्हणून मशीनकडे तोंड करून ते तिला म्हणाले, "भाऊ समजून सांग. महिना चुकलाय?"

"दोन झाले," ज्ञानेश्वरी रडू लागली. "आत्याबाईला सांगू नका. त्यांचे गुडघे गेलेत. मला पाण्याला जाऊ दिलं नाय, तर हंडा कोण उचलंल?"

"त्यांना सांगायचं का, ते तू ठरव. डॉक्टरांना मात्र मला सांगावंच लागंल."

बाहेर रांग कुरकुरत होती. फारूखभाईंनी बटणाला हात लावला नाही, फोन लावला. डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं. हाड शाबूत वाटलं, म्हणून फोटो रद्द करून सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके नीट होते. मग तिनंच सासूला सांगितलं.

"आगं येडे, मी खुरडत गेले असते, पण तुला धाडलं नसतं!" आवडाबाईंनी तिला जवळ घेतलं. मग फारूखभाईंकडे वळल्या. "आन् भाऊ, शिक्का तर आधीच होता की कागदावर!"

फारूखभाईंनी हसत पुढच्या रोग्याला हाक मारली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

थंडीत आवडाबाई नात दाखवायला आल्या. मित्रांनो, एक्स-रेच्या खोलीत कुणी काही विचारलं तर लाजून लपवू नका. विचारण्यासाठी रांग थांबवणाऱ्यावर चिडूही नका. पोटातल्या त्या नातीला किरणांपासून फारूखभाईंनी राखलं. सहा किलोंचा मी तेव्हा खुंटीवर नुसता लटकत होतो.