लाटबाबाची चामड्याची वादी

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिडं शिवणारे, डिझेल पंपावरचे, हॉटेलातले वेटर हातातली कामं टाकून आले होते. आयुष्यभर नकाशावर पट्टी ठेवून जहाजं नेलेला निवृत्त कप्तानही हात जोडून उभा होता. आणि लाटबाबा माझ्या वहिनीच्या बोटीच्या टोकावर उभा राहून पाण्याशी बोलत होता. पाणी काही उत्तर देत नव्हतं, पण बघ्यांना ते ऐकू येत होतं.

"सोड रे तिला," बाबा पाण्यातल्या कुणाला तरी सांगत होता. "बायको आहे तुझी. निघू दे."

माझा दादा गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून वहिनी ही जुनी शिडाची बोट एकटी चालवते, पर्यटकांना फिरवून आणते, त्यावर घर चालतं. पण काही महिन्यांपासून बोट मागे जाईना. पुढे सुसाट, आणि उलटा गिअर टाकला की इंजिन नुसतं बोंबलायचं. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर उलटा गिअर, धक्क्यातून निघायचं तरी उलटा गिअर. दोनदा ती भिंतीवर आदळली. दुसऱ्या वेळी बोटीवरच्या एका बाईचं मनगट मोडलं.

मग बाबा उगवला. त्याचं निदान असं, की नवऱ्याचा आत्मा बोट धरून बसलाय. तो एकटा खाली केबिनमध्ये जायचा, दार लावून घ्यायचा, इंजिन झाकणाऱ्या फळीमागे 'बोटीच्या काळजाला' ओली चामड्याची वादी बांधायचा आणि बजावायचा, की फळी कुणी उघडायची नाही. दुसऱ्या दिवशी बोट खरोखर झकास मागे जायची. थोडे दिवस गेले की पुन्हा रडगाणं, पुन्हा वादी. आता म्हणे एकच उपाय उरला होता. आत्म्याला मोकळं करायचं तर बोट कायमची बाबाच्या हवाली करायची, आणि किल्ल्या आज द्यायच्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझं डोकं लवकर तापतं. पण त्या दिवशी मी ते ताब्यात ठेवलं. मला एवढंच कळत नव्हतं, की आत्म्याला फळीचं काय वावडं? मी बोटीवर चढले आणि वहिनीला म्हटलं, मी खाली जाऊन फळी उघडते, तू वर गिअरचा दांडा ओढ.

तिने माझा हात घट्ट धरला.

"ते धरून ठेवतात म्हणजे अजून इथे आहेत ना, वन्सं," ती हळूच म्हणाली. "तेवढं तरी राहू द्या मला."

माझा सख्खा भाऊ होता तो. मलाही तो कुठेतरी असलेला हवाच होता. क्षणभर वाटलं, जाऊ दे, नेऊ दे बोट त्या भामट्याला.

"फळी उघडणाऱ्याच्या माथी पाप बसेल," बाबा मागून गरजला. "आणि त्या आत्म्याला कधीच सुटका नाही."

गर्दी कुजबुजली. कप्तानाने मला खाली उतरायची खूण केली. मी वहिनीकडे बघून म्हटलं, "दादाने कधी तुला बुडवायला बघितलं होतं का गं? मग आता का आपटेल भिंतीवर?"

वहिनी सुकाणूपाशी गेली, तिने इंजिन चालू केलं आणि दांड्यावर हात ठेवला.

बोटीचं टोक दोराने धक्क्यावरच्या खुंटाला बांधलेलंच होतं; बोटीने मागे ओढ घेतली तर तो सैल दोर ताठ होणार होता. मी खाली गेले, फळी काढली, टॉर्च मारला आणि ओरडले, "ओढ!"

सायकलच्या ब्रेकची वायर नळीतून जाते, तशीच गिअरची वायर. ती नळी एका पट्टीने घट्ट धरलेली असावी लागते. इथे पट्टीचा स्क्रूच नव्हता. वहिनीने दांडा ओढला की वायर ओढली जाण्याऐवजी अख्खी नळीच सरकत होती आणि गिअर अर्धवट पडून घसरत होता. त्या पट्टीवरच बाबाची वादी होती, तेलाने बुळबुळीत, सैल झालेली. ओलं चामडं सुकताना आवळतं, तेव्हा पट्टी धरते. इंजिनाचं तेल आणि गरमी लागली की सुटते.

मी वादी सोडली आणि वर जाऊन सुकाणूला बांधली. म्हटलं, ताकद वादीत असेल तर इथूनही चालेल. वहिनीने दांडा ओढला. दोर लोंबतच राहिला. मग मी माझ्या बुटाची नाडी काढली आणि खाली पट्टीवर आवळून बांधली.

या वेळी दोर ताठ झाला, खुंट करकरला. एकदा जमलं ते योगायोगानेही जमतं, म्हणून नाडी सोडली. दोर पुन्हा लोंबला. बांधली, पुन्हा ताठ.

बाबा म्हणाला, बुटाच्या नाडीवर त्याने लांबूनच फुंकर मारली होती. यावर पहिला हसला तो कप्तान. हा बाबा पूर्वी बोटींच्या कारखान्यात कामाला होता, हे पुढे कळलं. स्क्रू आपोआप गळला की त्याने काढला, हे मला सिद्ध करता येत नाही, म्हणून मी तसं म्हणत नाही.

वहिनी खाली आली. तिने स्वतः पट्टी चाचपली, दादाच्या हत्यारांच्या डब्यातला स्क्रू शोधून पिळला, वर गेली आणि बाबाला उतरायला सांगितलं. मी दोर सोडला. बोट सरळ, शांत, मागे निघाली. कुणीही धरून ठेवलं नाही. वहिनीचे दोन्ही हात सुकाणूवर होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हणजे ते खरंच गेले, वन्सं," ती म्हणाली.

वर्षभरात पहिल्यांदा तिने हे तोंडाने उच्चारलं. मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी मनसोक्त रडलो.

माणूस दुःखात असला की आधार शोधतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आधार देणाराच जर म्हणाला की आत बघू नकोस, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. आपल्या माणसावर प्रेम करायला डोळे मिटून घ्यावे लागत नाहीत.