पलीकडे काहीच नाही

पृथ्वीचा पाऊण भाग पाण्याने व्यापलेला आहे आणि त्या अथांग पाण्यावर संचार करण्यासाठीच माझा जन्म झाला आहे. सध्या मी फणसवाडीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, माळ्यावर कुरडयांच्या डब्याखाली घडी होऊन पडलेली असते.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी होडी आहे. रंग मूळचा पिवळा. आता तो कोणता, याबद्दल घरात एकमत नाही. माझ्या पोटावर कारखान्याने 'दोन व्यक्ती' असं छापलं आहे. पण माधवरावांनी मला घरी आणलं त्या दिवशी खोलीतच फुगवून पाहिलं. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झाले. माधवरावांच्या आई स्वयंपाकघरात अडकल्या. मग अख्खा मजला मला बघायला लोटला, आणि मी पाण्याचं तोंड पाहण्याआधी सात जणांनी माझ्यात बसून चहा घेतला. एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

माधवराव विमा कंपनीत होते. शेजारच्या टेबलावर डिलाईल रोडचे हितेंद्र, मूळचे मालवणकडचे, म्हणून वल्ह्यांचा अधिकार त्यांच्याकडे. दर वर्षी कोजागरीनंतरच्या शनिवारी दोघे मला एका तलावावर नेत. तलावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे भज्यांची गाडी लागेल. पलीकडच्या काठावर जंगल आहे. तिकडे रस्ता जात नाही. वल्हवत जायचं, तंबू ठोकायचा, सकाळी परत यायचं. तलावाच्या मधोमध दोघे वल्ही थांबवत. मग वरही आकाश, खालीही आकाश, आणि मधे मी. आपण तरंगतोय की कुणीतरी आपल्याला आठवतंय, हे तेव्हा कळत नसे.

सुमेधाबाई, म्हणजे माधवरावांची बायको, अठरा वर्षं दोघांना दशम्या आणि लसणाची चटणी बांधून देत होत्या. परत आल्यावर विचारायच्या, "कसं होतं?" माधवराव म्हणायचे, "छान." अठरा वर्षांचं वर्णन ते एवढंच.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, सुमेधाबाईंचे दोन्ही गुडघे बदलायचे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. त्यानंतर जमिनीवर बसणं कायमचं बंद. ते ऐकून सुमेधाबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या शनिवारी तलावावर मी येणार."

हितेंद्र समजूत काढायला आले. "वहिनी, थंय कायच नाय. लाइट नाय, दुकान नाय, माणूस नाय."

"मग तुम्ही दोघं अठरा वर्षं तिथे करता काय?"

हितेंद्रांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कायच नाय."

"मला तेच करायचंय. आयुष्यात एकदा."

माधवराव म्हणाले, "अगं, पण सोय नाही तिथे."

"चाळीस वर्षं या मजल्यावर बादली घेऊन रांगेत उभी राहिलेय. तिथे रांग तरी नसेल!"

हितेंद्रांनी आपली जागा सोडली. तसेही त्यांचे गुडघे काही फार चांगले नव्हते.

शनिवारी दुपारी आम्ही तलावावर पोचलो. चौकीदार कोंडीराम वहीत नावं लिहून चहाला गेला. मला फुगवलं. माधवराव वल्ही उचलणार तोच सुमेधाबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, नमस्कार केला. अठरा वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मग त्यांनी चपला काढून काठावर ठेवल्या. माधवराव पाय टाकणार, तर म्हणाल्या, "अहो, चपला! आत्ता पूजा केली ना?" माधवरावांनीही चपला काढल्या. मी त्या वेळी देवी झाले होते, त्यामुळे पुढचा विचार मलाही सुचला नाही.

त्यांच्या वेगाने पलीकडे जायला तास लागला. तिथे वाळूची एक अरुंद पट्टी, आणि तंबूच्या जागेपर्यंत नुसते बाभळीचे काटे. माधवराव चार पावलं गेले आणि एका पायावर परत आले. दोघांनी मागे वळून पाहिलं. एवढ्या लांबून चपला दिसणं शक्यच नव्हतं, पण दोघांना त्या स्पष्ट दिसल्या.

"परत जाऊ," माधवराव काटा काढत म्हणाले. "अजून उजेड आहे."

"आणि पुन्हा कधी येऊ?"

माधवरावांनी निघालेला काटा पाण्यात टाकला.

"मी परत जाणार नाही. तंबू राहू दे. हिला वाळूवर ओढा, हिच्यातच झोपू."

त्यांनी मला वाळूवर ओढलं. शाल अंथरली, दशम्या सोडल्या. सूर्य डोंगरामागे गेला आणि पाण्याने त्याचा रंग बराच वेळ धरून ठेवला. सुमेधाबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "इथे कुणी ऐकत नाही का हो?"

मित्रांनो, फणसवाडीतल्या त्या खोलीला एका बाजूला फळ्यांची भिंत आहे. पलीकडे सुनेत्रावहिनी राहतात, आणि त्यांचे कान उत्तम आहेत. लग्न झाल्यापासून ही दोघं कुजबुजतच बोलत आली होती.

"कोण ऐकणार?" माधवराव म्हणाले.

सुमेधाबाईंनी पाण्याकडे तोंड केलं आणि जोरात हाक मारली, "माधव!"

चाळीस वर्षं 'अहो'वर भागलं होतं. उखाण्याबाहेर ते नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. डोंगराने ते परत म्हटलं. त्यांनी तीनदा हाक मारली, डोंगराने तीनदा.

"हळू गं," माधवराव सवयीने म्हणाले, आणि लाजले.

पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडे कोंडीराम चहा पिऊन आला होता. त्याला काठावर शेजारी शेजारी ठेवलेले चपलांचे दोन जोड दिसले. मग एका बाईने पुरुषाच्या नावाने मारलेल्या तीन हाका ऐकू आल्या. मग शांतता. त्याने यातून जो निष्कर्ष काढला, तो कुणीही काढला असता.

थोड्या वेळाने अंधुक उजेडात त्याचं होडगं जिवाच्या आकांताने वाळूवर आदळलं. "बाई! साहेब कुठं गेले? बुडाले?"

"दशमी खातायत," सुमेधाबाई म्हणाल्या.

कोंडीरामने साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या तोंडात खरोखरच घास होता. तेव्हा कोंडीरामला पहिल्यांदा राग आला. "चपला काढून पाण्यात जातात ती माणसं माघारी येत नाहीत, बाई! चला, बसा माझ्या होडग्यात. तुम्हाला इथं ठेवून मला झोप लागायची नाही."

माधवराव उठायलाही लागले. सुमेधाबाई माझ्या काठाला धरून बसून राहिल्या. त्यांची बोटं माझ्या रबरात रुतली होती, म्हणून मला कळलं, त्या किती घाबरल्या आहेत. काट्यांना नव्हे, परत जायला.

"कोंडीराम, चपला आणल्यात?"

"आणल्यात."

"मग त्या द्या. दोन दशम्या खा. उद्या दहापर्यंत आम्ही दिसलो नाही तर मग ओरडत या."

कोंडीरामने बराच विचार केला. मग दोनाऐवजी चार दशम्या खाल्ल्या आणि गेला.

पहाटे तलावावर धुकं होतं. त्यांनी मला पुन्हा पाण्यात लोटलं, थोडं आत नेलं आणि वल्ही आत घेतली. सुमेधाबाईंनी हात पाण्यात सोडला. पक्षी नव्हता, वारा नव्हता, काठ नव्हता. काहीच नव्हतं. ते त्यांनी डोळे भरून पाहिलं. मी हललेसुद्धा नाही.

ऑपरेशन झालं. गुडघे नवे आहेत, मी जुनीच आहे. परवा सुमेधाबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "जमिनीवर नाही, कळलं. होडीत बसलं तर?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "होडीबद्दल आम्हाला काही शिकवलेलं नाही." सुमेधाबाईंनी तो होकार धरला आहे. कोजागरी जवळ आली आहे.

इथे मी काहीतरी उपदेश करावा अशी पद्धत आहे. तलाव स्वच्छ ठेवा, जुन्या वस्तूंना जपा, ज्यांनी दशम्या बांधून दिल्या त्यांना कधीतरी बरोबर न्या. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. माझी विनंती लहान आहे. तळमजल्यावरच्या सुशांतने गणपतीत फुगे फुगवायला म्हणून माझा पायपंप नेला. तो म्हणतो, पुढे कुणीतरी मागून नेला. ज्याच्याकडे असेल, त्याने कृपा करून शुक्रवारपर्यंत आणून द्यावा.

नळीसकट.