घरातली एकटी कमावती

साहेबांच्या बंगल्यावर आयकराचे अधिकारी आले, तेव्हा स्वयंपाकीणबाई कांदा चिरत होत्या. चौकशीत बंगला साहेबांच्या सासूबाईंचा निघाला, गाड्या कंपनीच्या आणि कंपनी कायमची तोट्यात. साहेबांचं वर्षाचं उत्पन्न शून्य. पायातले बूटसुद्धा भाड्याचे!

“मग या घरात कर भरतं तरी कोण?” अधिकारी रडकुंडीला आले.

“मी भरते,” बाई कडाडल्या. “पगार हातात पडायच्या आधीच कापतात मेले!”

अधिकाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फॉर्मवर लिहून टाकलं, ‘कुटुंबप्रमुख स्वयंपाकीणबाई, त्यांच्यावर अवलंबून साहेब.’ साहेबांनी हसत हसत सही ठोकली आणि अधिकारी सुटल्यासारखे निघून गेले.

बाईंनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि जेवणाच्या टेबलाशी साहेबांच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

“अहो बाई, ते नुसतं कागदावर आहे!” साहेब ओरडले.

“माझा कर मात्र खराखुरा कापतात,” बाई म्हणाल्या. “आयतं बसून खायचे दिवस संपले. ऊठ बाळा, अर्धा कांदा चिरायचा राहिलाय.”