दाराजवळची ऊब

मी एक जुना, चपटा, काळाकुट्ट दगड आहे, मित्रांनो. हा काळेपणा मात्र माझ्या जन्माचा नाही. कांगवॉन नावाच्या थंड मुलखातल्या डोंगरात ओढ्याकाठी पडून होतो तेव्हा मी राखाडी होतो, पाठीवर शेवाळाची मऊ शाल होती. एका माणसाने मला पाठुंगळी मारून घरी नेलं आणि जमिनीखाली निजवलं, स्वयंपाकघरातल्या चुलीला अगदी लागून. चूल पेटली की धूर आणि झळ माझ्या पोटाखालून सरपटत पलीकडच्या धुराड्याकडे जाई. माझ्यावर मातीचा लेप, त्यावर तेल पाजलेला कागद आणि त्यावर माणसं.

चुलीला सगळ्यांत जवळ मी, म्हणून सगळ्यांत गरम मी. साहजिकच घरातली मानाची जागा माझ्या वर होती. आजोबा तिथे बसत. पाहुणा आला की त्याला तिथेच सरकवत. रानातून उशिरा येणाऱ्यासाठी भाताचा वाडगा गोधडीत गुंडाळून तिथेच ठेवत. बाहेर बर्फाने डोंगर पांढरा व्हायचा आणि मी मनात फुगायचो. वाटायचं, हे घर माझ्याच जिवावर उबदार आहे.

चूल पेटवायची ती घरची सून, सुल्ये. फुंकर घालता घालता ती गुणगुणायची,

‘जळ रे ओंडक्या, हळूहळू जळ,
माझ्या माणसांच्या पाठीला लागू दे रे झळ.’

मग काळ बदलला. गावात गॅस आला. जुनं घर पाडलं, सुल्ये गावातच एका लहानशा खोलीत राहायला गेली. मला त्याच जागेच्या परसात कोबीच्या लोणच्याच्या रांजणाखाली ठेवलं. चांगलं काम होतं ते, नाही म्हणत नाही. पण गार होतं. पावसात भिजायचो, थंडीत गोठायचो. कुणी माझ्याकडे पाहिलं, तर रांजण हलतोय का एवढंच पाहायचं.

आणि एका वसंतात सुल्येची मुलगी ओक्जू नवऱ्याला घेऊन आली. जन्म शहरातल्या चौदाव्या मजल्यावर गेला होता दोघांचा. आता नोकऱ्या संपल्या होत्या, गुडघे बोलू लागले होते. याच जागेवर त्यांना आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर बांधायचं होतं. म्हातारपण सुखाने जाईल असं. सुल्येलाही तिथेच आणायचं होतं.

नवरा थेसिक मोठा हौशी. त्याने गवताच्या दोरीने जमिनीवर खोल्या आखल्या. रांजण बाजूला सारून मला उचललं आणि एका कोपऱ्यात ठेवलं.

“इथे चुलीवर तापणारी खोली! आणि हा दगड पुन्हा जमिनीखाली.”

मित्रांनो, मी पुन्हा मनात फुगलो.

 ओक्जूने एक काठी घेतली, कमरेत वाकली आणि दोऱ्यांमधून तुरुतुरु चालू लागली.

“हे काय चाललंय?”

“मी ऐंशीची झालेय. पहाटे मोरीकडे निघालेय. सरका बाजूला.” दोरीच्या उंबऱ्यापाशी ती थांबली. “अडखळले. पडले. आता उचला मला.”

“अगं, उंबरा काढून टाकू.”

“काढाच. आणि ती लाकडं कोण फोडणार? तुम्ही? परवा लसणाची बरणी उघडताना मनगट धरून बसला होतात.”

“झाकण गंजलं होतं!”

“प्लास्टिकचं होतं ते.”

पण वाद हसण्यावारी जाण्यातला नव्हता. पैसे एकाच गोष्टीला पुरणार होते. एक तर चुलीची खोली, नाहीतर भिंतींत आणि जमिनीखाली ऊब धरून ठेवणारं जाड अस्तर, तीन काचांच्या खिडक्या, फटी बुजवलेलं घर, जिथे थोड्याशा गरम पाण्याच्या नळ्यांवर सगळी जमीन उबदार राहील. मी अर्थातच थेसिकच्या बाजूचा. जाड अस्तराच्या घरात माझं काय काम?

शेवटी थेसिकने सासूबाईंना मध्ये घेतलं. सुल्ये आता पंच्याऐंशीच्या घरात, पाठीला पोक आलेलं. ती दोरीबाहेर उकिडवी बसून रानभाजी निवडत होती.

“आई, तुम्हीच सांगा हिला. चुलीजवळच्या त्या जागेची सर कशाला येईल का?”

सुल्येने वर पाहिलं. “मला काय ठाऊक, जावईबापू? मी तिथे कधी बसलेच नाही.”

“म्हणजे? मग कुठे बसायचात?”

“दाराशी. सारखं उठावं लागायचं ना. पाणी आण, लाकडं सार. तिथनं बरं पडायचं.”

“पण दाराशी तर गारठा...”

“असायचा की,” ती म्हणाली आणि भाजीची मुळं खुडू लागली.

मी आठवू लागलो. आजोबा आठवले, पाहुणे आठवले, भाताचा वाडगासुद्धा आठवला. सुल्येचा भार एकदाही आठवला नाही. जिने मला तापवलं, ती माझ्यावर कधी बसलीच नव्हती.

 थेसिक वाकला, चुलीच्या खोलीची दोरी त्याने सोडली आणि गुंडाळून ओक्जूच्या हातात दिली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पानगळीपर्यंत घर उभं राहिलं. एकमजली, बिनउंबऱ्याचं, दक्षिणेकडे मोठ्या खिडक्यांचं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी सुल्येला आणलं. बूट काढून ती आत आली आणि सवयीप्रमाणे दाराशीच टेकली.

“आई, आत या हो!” थेसिक म्हणाला.

सुल्ये हलली नाही. तिने तळहात जमिनीवर ठेवला. जरा पुढे सरकवला, जरा मागे. मग दाराच्या अगदी कडेला नेला.

“अगं ओक्जू,” ती हळूच म्हणाली, “इथंपण ऊब आहे.”

ओक्जू तिच्या शेजारी बसली. मग थेसिकही आला. एवढं मोठं घर, आणि तिघं दाराशी दाटीवाटीने बसून भाजलेली रताळी सोलत होती.

हे सगळं मी पाहिलं, कारण मला टाकलं नव्हतं. दक्षिणेच्या खिडकीत बसायला म्हणून ठेवलं आहे. हिवाळ्याचं ऊन तिरपं आत येतं आणि माझ्या काळ्या पाठीत मुरतं. संध्याकाळी ते मी हळूहळू परत देतो. लाकूड नाही, धूर नाही. सुल्ये कधीकधी येऊन बसते. भार फार नाही तिचा.

मित्रांनो, उद्या तुम्हीही घरं बांधाल. ऊब वाया जाऊ देऊ नका, भिंती नीट करा, फटी बुजवा. पण त्याआधी आजच एकदा बघून या, तुमच्या घरात दाराशी कोण बसतं ते.